चारही चाके जमिनीवर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी आपल्याशी एका खेळण्याबद्दल बोलणार आहे. खेळणे म्हटले तरी त्याने माझ्यासारख्या तीस वर्षे गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाला नव्याने शिकायला लावले, म्हणून ते सांगण्यासारखे आहे.

आमचे गाव जूचंद्र. वसई तालुक्यातले, नायगावच्या पूर्वेला. टेकडीवर चंडिकादेवीचे मंदिर आहे आणि गावाची दुसरी ओळख म्हणजे इथले रांगोळीकार. टेकडीच्या पायथ्याशी काळ्या पाषाणाचे मोठमोठे धोंडे पडलेले आहेत. माझा नातू त्या धोंड्यांवर रिमोटची गाडी चढवतो. या गाडीला 'रॉक क्रॉलर' म्हणतात. खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची, अडीच-तीन किलो वजनाची, बॅटरीवर चालणारी. ही गाडी पळत नाही. माणसाच्या चालीपेक्षाही हळू, रांगत चालते. शर्यत वेगाची नसून न उलटता दगड ओलांडण्याची असते.

गाडी नवी होती तेव्हा तिच्या स्प्रिंगा अगदी मऊ होत्या. जरा कलली की टप एका बाजूला झुकायचा. नातवाने विचारले, "आजोबा, ही अशी डुलते का?" मी लगेच निदान केले, स्प्रिंगा कमजोर आहेत. आयुष्यभर टेम्पो आणि ट्रकचे पाटे बदलले, खचलेल्या गाडीला जादा पाटा घातला. त्याच हिशेबाने कडक स्प्रिंगा आणवल्या, वरच्या रिंगा आवळल्या. गाडी ताठ उभी राहिली. मला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी ती ताठ गाडी कमरेएवढ्या धोंड्यावरून कोलांटी खाऊन खाली आली. पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते तुटले. दिवाळीला जमवलेल्या पैशातून नातवाने ती मोटर बदलली. मला काही बोलला नाही, पण पुढचे दोन रविवार गाडी घेऊन माझ्याकडे आलाही नाही. ते मला जास्त लागले.

चूक कुठे झाली? ते शोधायला उपयोगी पडली ती रांगोळी. आमची सून रांगोळी काढते. ती म्हणाली, "बाबा, चाक कुठे टेकतं ते डोळ्यांना दिसत नाही ना, मग दगडावर रांगोळी चाळून बघा." आम्ही चहाच्या गाळणीने धोंड्यावर रांगोळीचा पातळ थर दिला आणि गाडी त्यावरून नेली. सगळे लिहिल्यासारखे उमटले. टायरची नक्षी जिथे स्वच्छ उठली होती, तिथे चाकावर वजन होते. जिथे रांगोळी फरपटली होती, तिथे चाक जागेवरच फिरत होते. आणि पुढच्या डाव्या चाकाची रेघ, गाडी जिथे उलटली होती नेमकी तिथे, वीतभर गायब होती. तेवढा वेळ चाक हवेत होते.

आता याचे कारण पाहू. रस्त्यावरच्या गाडीत स्प्रिंगचे काम धक्के सोसण्याचे आणि ओझे पेलण्याचे. रांगणाऱ्या गाडीला धक्के बसतच नाहीत, कारण वेगच नाही. तिथे स्प्रिंगचे काम एकच, चारही चाके दगडाला टेकलेली ठेवणे. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर असते. हवेतल्या चाकाला पकड नसते आणि त्याच्या वाटचे वजन दुसऱ्या चाकांवर जाते. या गाड्यांत एका आसाची दोन्ही चाके एकत्रच फिरतील अशी जोडलेली असतात, त्यामुळे गाडी तीन चाकांवरही पुढे ढकलली जाते. पण तीन पायांचे टेबल जसे चौथ्या कोपऱ्याकडे कलंडते, तशी तीही कलंडते.

माझ्या कडक स्प्रिंगा गाडीच्या वजनाने दबतच नव्हत्या. म्हणजे शॉकप आधीच पूर्ण लांब झालेला. पुढे खड्डा आला तर चाकाने खाली जायचे कुठून? चाकाला वर जायला जागा लागते हे सगळ्यांना माहीत असते. खाली जायलाही जागा लागते, हे मी विसरलो होतो.

म्हणून पहिली गोष्ट, गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते मोजा. गाडी उचलून चाके लोंबकळू द्या आणि शॉकपची लांबी मोजा. मग बॅटरीसकट सपाट फरशीवर ठेवा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. शॉकपची एकूण चाल 30 मिलिमीटर असेल, तर गाडी 10 ते 15 मिलिमीटर बसली पाहिजे. म्हणजे एक तृतीयांश ते निम्मी. त्याहून कमी बसली तर स्प्रिंग कडक आहे. फारच जास्त बसली, तर आडव्या उतारावर गाडी दरीच्या बाजूला झुकेल आणि तिकडेच उलटेल. मऊ म्हणजे ढिले नव्हे.

दुसरी गोष्ट तेलाची. शॉकपमध्ये सिलिकॉनचे तेल असते. तेल वजन पेलत नाही, ते फक्त हालचालीचा वेग ठरवते. गाडी दाबून सोडल्यावर ती सावकाश वर यावी आणि एकदाच येऊन थांबावी. उसळत राहिली तर तेल पातळ आहे. वर यायला फार वेळ लावला तर जाड आहे, आणि मग चाक खड्ड्यात पोचण्याआधीच गाडी पुढे गेलेली असते. तेल भरताना दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघू द्या. घरातले इंजिन ऑइल मात्र घालू नका. त्याने आतल्या रबरी कड्या फुगतात आणि दांडा अडकतो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि इथे माझे गॅरेजचे ज्ञान पुन्हा उलटे ठरले. मोठ्या गाडीत चाके आणि आस जितके हलके तितके चांगले. इथे वेग नसल्यामुळे वजन जितके खाली, चाकांच्या आणि आसाच्या जवळ, तितके बरे. म्हणून हौशी लोक आसावर पितळेचे तुकडे बसवतात. चढावर वजन आपोआप मागे सरकते, म्हणून सपाटीवर पुढच्या चाकांवर थोडे जास्त हवे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची चाके ठेवा आणि मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तके. आमच्या 2600 ग्रॅमच्या गाडीत पुढे 1300 ग्रॅम भरले. बॅटरी खाली आणि पुढे सरकवल्यावर ते 1500 झाले. एक पैसाही खर्च न होता गाडी पूर्वी अडायची तो चढ चढून गेली.

शेवटची गोष्ट बारीक आहे. मोटरला जोर दिला की फिरणाऱ्या दांड्यामुळे टप एका बाजूला पिळतो आणि एक चाक हलके होते. गाडी भिंतीला टेकवून हळूच जोर द्या आणि मागून बघा. जी बाजू दबते, तिथली मागची रिंग अर्धा फेरा आवळा. पुन्हा बघा. अर्धाच फेरा.

एकाच वेळी दोन बदल करायचे नाहीत, हा आमचा नियम आहे. स्प्रिंग आणि तेल दोन्ही बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. नातू आता वहीत लिहितो. तारीख, काय बदलले, रांगोळीत काय दिसले.

हाच प्रश्न खऱ्या संशोधकांनाही सोडवावा लागला. 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या 'सोजर्नर' या बग्गीला स्प्रिंगाच नव्हत्या. सहा चाके आणि दोन्ही बाजूंना खिळीवर झुलणाऱ्या दांड्या. एक चाक दगडावर चढले की दांडी झुलते आणि बाकीची चाके जमिनीवरच राहतात. आपल्या 'चांद्रयान-3'मधून 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर पोचलेल्या 26 किलोच्या 'प्रज्ञान'चीही रचना याच तत्त्वाची. त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. 27 ऑगस्टला त्याच्या पुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. त्याला मागे फिरायला सांगितले गेले आणि ते दुसऱ्या वाटेने सुखरूप गेले. त्याच्या चाकांच्या रेघा चंद्राच्या धुळीत उमटलेल्या आपण छायाचित्रांत पाहिल्या. मला तर त्या आमच्या रांगोळीसारख्याच वाटल्या.

गेल्या रविवारी नातू गाडी घेऊन आला. मऊ स्प्रिंगा परत बसवलेल्या होत्या. रांगोळी टाकली, गाडी धोंड्यावरून पलीकडे गेली. आम्ही वाकून पाहिले. चारही रेघा अखंड होत्या. तो म्हणाला, "आजोबा, आता थोडा मोठा दगड बघू या." तेवढ्याने माझे दोन रविवार भरून निघाले.