औषधाआधी पाणी : घरच्या माशांची प्रथमोपचार पेटी

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि टाकीतले सगळे मासे एकाएकी वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागतात. दुकान बंद झालेले असते. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्याकडे मोठ्या शहरातही सहजी सापडत नाही. अशा वेळी पुढच्या अर्ध्या तासात घरात काय हाताशी आहे, यावर त्या माशांचा जीव अवलंबून असतो. म्हणून ज्याच्या घरी टाकी आहे, त्याच्या घरी माशांसाठी एक प्रथमोपचार पेटी हवीच.

पुष्कळ घरांत असा डबा असतोही, पण त्यात निळ्या-हिरव्या-पिवळ्या औषधांच्या बाटल्याच भरलेल्या असतात. मासा जरा सुस्त दिसला की त्यातली एखादी टाकीत ओतली जाते. मासा पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात मलमूत्र सोडतो. पाणी बिघडले तरी त्याला तिथून उठून दुसरीकडे जाता येत नाही. त्यामुळे घरच्या टाकीतल्या दुखण्यांचे मूळ बहुतेक वेळा पाण्यातच सापडते, आणि बिघडलेल्या पाण्यात औषध ओतले तर माशाच्या त्रासात भरच पडते. पेटी भरायची ती याच क्रमाने : आधी मोजमापाची साधने, मग पाणी सुधारण्याचे सामान, त्यानंतर आजारी माशाला वेगळे ठेवण्याची सोय आणि सर्वांत शेवटी औषधे.

सगळे की एकटा?

पेटी उघडण्याआधी दोन मिनिटे नुसते पाहावे. सगळे मासे एकदम बेचैन झाले असतील, वर येऊन धापा टाकत असतील, तर संशय पाण्यावर घ्यावा. एकच मासा कोपऱ्यात बसला असेल, पर मिटून घेतले असतील किंवा अंगावर काही उगवले असेल, तर रोगाचा विचार करावा. हा नियम दर वेळी खरा ठरतोच असे नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळते. फायटर आणि गुरामी अधूनमधून वर येऊन हवा घेतात, ते मात्र आजाराचे लक्षण नव्हे. हवेतून प्राणवायू घेणारा एक खास अवयव त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला असतो.

पेटीत सर्वांत आधी थर्मामीटर आणि पाण्याच्या चाचण्यांचे किट ठेवावे. निदान अमोनिया, नायट्राइट आणि पीएच या तीन चाचण्या हव्यात. अमोनियाच्या चाचणीत काचेच्या छोट्या नळीत टाकीतले पाणी घेऊन ठरलेले थेंब टाकायचे, काही मिनिटे थांबायचे आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये पाणी पिवळेच राहिले तर अमोनिया नाही आणि हिरवट होत गेले तर आहे, असे समजतात.

हा आकडा पीएच आणि तापमानाच्या जोडीनेच वाचावा लागतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप बऱ्यापैकी निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया कल्ले जाळणारा. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो. किटवर लिटरमागे १ मिलिग्रॅम आकडा आला, तर पीएच ७ च्या टाकीत थोडी उसंत मिळते. पीएच ८ च्या टाकीत मात्र तेवढ्याने मुक्त अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमवर पोहोचतो, आणि कल्ल्यांना इजा होऊ लागते ती तिथूनच.

नवे मासे घरी आणल्यावर तासाभरात का मरतात, याचे एक उत्तर याच रसायनात आहे. चेन्नईतल्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून निघालेले मासे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत लांबचा प्रवास करतात. त्यांच्या श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पिशवीतल्या पाण्याचा पीएच खाली आणतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि अमोनियाचे विषारी रूप वाढते. म्हणून बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. उघडल्यावर मात्र वेळ न दवडता मासे जाळीने टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पहिला अर्धा तास

पाणी बिघडले आहे असे कळले की पहिला उपाय एकच : ३० ते ५० टक्के पाणी बदलणे. त्यासाठी पेटीजवळ सायफनची नळी, फक्त टाकीसाठी राखलेली बादली आणि क्लोरीन घालवणारे द्रावण असावे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहायला हवा. माणसाला सुरक्षित असलेले हे प्रमाण माशाच्या नाजूक कल्ल्यांना घातक ठरते. यावरचा स्वस्त उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेट. छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीत जे ‘हायपो’ नावाने ओळखले जाई, तेच हे रसायन. एक भाग क्लोरीन घालवायला त्याचे साधारण सात भाग लागतात. १० ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलीलिटर द्रावण केले, तर त्याचा एक मिलीलिटर २० लिटरच्या एका बादलीला नेहमीच्या प्रमाणात पुरतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण त्यात प्राणवायू बहुधा कमी असतो. ते रात्रभर एअर पंप लावून ठेवावे आणि मगच वापरावे.

बॅटरीवर चालणारा एअर पंप ही पेटीतली दुसरी जीवरक्षक वस्तू. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे फार तर ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो ७.६ वर येतो. उन्हाळ्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात वीज दोन-तीन तास गेली, तर पाणी तापते आणि प्राणवायू घटतो, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे ‘मिस केरळ’ म्हणून विकला जाणारा मासा केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या खळाळत्या ओढ्यांतला. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती (जीनस) मांडली आणि तिला सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले. अशा माशाला कोमट, साचलेले पाणी फार लवकर बाधते. पंप नसेल तर मगाने टाकीतलेच पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हा सोडत राहावे. याने खरोखरच मासे तगतात.

मीठ आणि त्याचे गणित

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश खारट असते आणि भोवतालचे पाणी जवळपास अळणी. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. शिरलेले पाणी मूत्रावाटे बाहेर टाकणे आणि कल्ल्यांतून क्षार पुन्हा ओढून घेणे, हे काम त्याला अखंड करावे लागते. त्वचा सोलवटली किंवा कल्ले सुजले की ते काम कितीतरी जड होते. पाण्यात थोडे मीठ घातले की हा फरक कमी होतो आणि आजारी माशाची ताकद वाचते.

नायट्राइटच्या विषबाधेत तर मीठ थेट उतारा ठरते. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. हे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरते ते क्लोराइडच्याच वाटेने. मिठातल्या क्लोराइडने ती वाट व्यापली की नायट्राइटला आत शिरायला वाव उरत नाही. त्यासाठी लिटरमागे १ ग्रॅम मीठ पुरे. अंगावरच्या परजीवींसाठी २ ते ३ ग्रॅम लागते. साधे खडे मीठ घ्यावे, आधी मगभर पाण्यात विरघळवावे आणि दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत टाकीत सोडावे. पाण्याची वाफ झाली तरी मीठ टाकीतच राहते, म्हणून आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालायचे नाही. पाणवनस्पती आणि कोरीडोरससारखे काही मासे मिठाला नाजूक असतात, हेही ध्यानात ठेवावे.

मात्रा चुकते ती टाकीचे पाणी मोजलेले नसते म्हणून. २ फूट × १ फूट × १ फूट टाकीत काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावते. खाली वाळू, वर रिकामी जागा, मध्ये दगड. प्रत्यक्षात भरते ४५ लिटरच्या आसपास. मिठाचे प्रमाण लिटरमागे २ ग्रॅम धरले, तर ९० ग्रॅम मीठ लागेल. चमच्यांनी अंदाज करण्यापेक्षा एक छोटा डिजिटल काटा आणि सुईविना सिरिंज पेटीत ठेवावी. आपल्या टाकीत नेमके किती लिटर पाणी आहे, तो आकडा पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवावा.

आजारी माशाची खोली

औषध द्यायचे तर ते वेगळ्या टाकीत. १५-२० लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा डबा, एक हीटर, वेगळी जाळी आणि एक स्पंज फिल्टर एवढ्यावर काम भागते. मात्र तो स्पंज कायम मोठ्या टाकीत चालू ठेवावा. त्यावर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू वाढतात, आणि ऐनवेळी तो उचलून दवाखान्याच्या टाकीत लावता येतो. हे काम करणारे जीवाणू कोणते, हे समजायला बराच काळ गेला. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवण्याचे काम नायट्रोस्पायरा गटाचे जीवाणू करतात, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. २०१५ मध्ये तर याच गटातले काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा टप्पा एकट्याने पार करतात, असे आढळले. स्पंज वाहत्या नळाखाली धुतला की क्लोरीनमुळे हेच जीवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा.

नवा मासाही आधी तीन-चार आठवडे याच डब्यात ठेवावा. दुकानातून येणारा रोग तिथेच दिसतो आणि तिथेच थांबतो.

पांढरे ठिपके

अंगावर आणि परांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा दगडाला अंग घासू लागला, की तो बहुधा ‘इक’ असतो. इक्थिओफ्थिरियस या एकपेशीय परजीवीचे वर्णन फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये केले. याच्याशी लढताना त्याचे जीवनचक्र समजून घ्यावे लागते. ठिपक्यातला परजीवी माशाच्या त्वचेच्या आत सुरक्षित असतो, तिथे औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून वाळूवर बसतो, भोवती कवच करतो आणि विभागत जाऊन शेकडो पिल्ले तयार करतो. ती पोहत बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर मरतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेत.

ठिपके दिसेनासे झाले की बहुतेक जण औषध थांबवतात, आणि आठवड्यात रोग परत येतो. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी वाळूत उतरले, एवढाच. २५ अंशांना हे चक्र साधारण आठवडाभरात पुरे होते. तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत वाढवले की ते आणखी झपाट्याने फिरते आणि परजीवी औषधाच्या तावडीत लवकर येतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप जोराने चालू ठेवावा, रोज वाळू सायफनने उपसावी आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार सुरू ठेवावा. परजीवी मोठ्या टाकीच्या वाळूत असतो, त्यामुळे हा एक रोग असा आहे की त्यात सगळ्या टाकीवरच उपचार करावा लागतो. मीठ सोसणाऱ्या माशांच्या टाकीत मीठ आणि उष्णता हा पहिला पर्याय. मॅलॅकाइट ग्रीन प्रभावी आहे, पण त्याच्या विषारीपणामुळे खाण्याच्या माशांवर ते वापरायला अनेक देशांत बंदी आहे. वापरायचे तर हातमोजे घालूनच.

मिथिलीन ब्लूची छोटी बाटली पेटीत जरूर असावी. तेही १८७६ मध्येच हाइनरिश कारो यांनी कापडाचा रंग म्हणून तयार केले. १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी ते मलेरियाच्या रुग्णांवर वापरून पाहिले. निकामी झालेले हिमोग्लोबिन पूर्ववत करण्यासाठी माणसांच्या रुग्णालयांत ते आजही वापरले जाते. माशांतही नायट्राइटची बाधा आणि अंड्यांवरची बुरशी यांवर लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम या प्रमाणात त्याचा उपयोग होतो, पण वेगळ्या डब्यातच. मोठ्या टाकीत ते ओतले तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतात आणि अमोनियाचे संकट नव्याने सुरू होते. हा निळा डबा फिल्टरविना ठेवावा आणि त्याचे पाणी रोज बदलावे.

पेटीत काय नको

प्रतिजैविके नकोत. तोंडाशी कापसासारखे पांढरे दिसले की ती बुरशी वाटते, पण पुष्कळदा ते कॉलम्नॅरिस नावाच्या जीवाणूचे काम असते. कशाचा संसर्ग आहे हे न कळता माणसांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्या, तर मासा बरा होईल याची खात्री नसते. औषधाला दाद न देणारे जीवाणू मात्र टाकीत तयार होतात आणि गटारात जातात. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा माशांचा जीवाणू माणसाच्या त्वचेतही चिवट गाठी करतो. लांब रबरी मोजे पेटीत हवेत ते यासाठी.

काही मासे वाचत नाहीत. अशा माशाला संडासात टाकणे किंवा तळ्यात सोडणे ही दया नव्हे. पहिल्यात त्याचे हाल होतात आणि दुसऱ्यात रोग बाहेरच्या माशांपर्यंत जातो. लवंग तेलातल्या युजेनॉलने मासा आधी बधिर होतो, आणि मात्रा जास्त दिली तर त्याच गुंगीत शांतपणे मरतो. कोमट पाण्यात ते नीट घुसळून मगच वापरावे आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास माशाला त्यातच ठेवावे. हे करण्याची तयारी ठेवणे हाही मासे पाळण्याच्या जबाबदारीचाच भाग आहे.

या सगळ्या सामानाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे एक वही. मासे ठणठणीत असताना दर आठवड्याला तापमान, पीएच, अमोनिया आणि नायट्राइट मोजून त्यात लिहावे. अडचणीच्या रात्री चाचणीचा आकडा हाती येईल, पण तो बिघडलेला आहे की आपल्या टाकीत नेहमीच तसा असतो, हे आधीच्या नोंदींशिवाय कळणार नाही. आज रविवार असेल, तर पहिली नोंद आजच करता येईल.