फलंदाजाचा पडता काळ

क्रिकेटचा हंगाम आला कीं घरोघरीं एक प्रश्न हटकून निघतो. अमका फलंदाज तीन सामन्यांत अपयशी झाला, त्याला संघांत अजून ठेवला तरी कशाला? असें विचारणारे बहुधा तेच असतात, ज्यांनीं महिन्यापूर्वीं त्याच फलंदाजाला डोक्यावर घेतलेलें असतें. हा पडता काळ खरा किती आणि भासमान किती, याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे. कारण खेळाडूचें संघांतील स्थान त्यावर अवलंबून असतें.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. विजय हजारे यांचा जन्म १९१५ सालीं सांगलीस झाला. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत पहिल्या तीन कसोटी सामन्यांत त्यांच्या हातून एकदांही पन्नास धांवा झाल्या नाहींत. त्यांना तेव्हांच वगळलें असतें तर त्या निर्णयाला कोणीं फारसें नांव ठेविलें नसतें. चौथा सामना ॲडलेड येथें जानेवारी १९४८ मध्यें झाला. समोर लिंडवॉल व मिलर हे गोलंदाज, ब्रॅडमनच्या संघाच्या ६७४ धांवांचें ओझें, आणि हजारे यांनीं एका डावांत ११६ व दुसऱ्यांत १४५ धांवा काढल्या. दोन्ही डावांत शतकें करणारे ते पहिले भारतीय होत. भारत तो सामना एक डाव व १६ धांवांनीं हरला, ही गोष्ट निराळी.

आतां त्याच सांगलीलगतचें माधवनगर घ्यावें. (हा मुलूख १९४९ ते १९६० पर्यंत दक्षिण सातारा जिल्ह्यांत मोडत असे, हें जुन्या मंडळींस आठवत असेल.) स्मृती मानधना यांचें बालपण व क्रिकेटचें शिक्षण येथलें. १९१७ साल नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरचें २०१७ साल. विश्वचषकाच्या पहिल्या दोन सामन्यांत त्यांनीं ९० व नाबाद १०६ धांवा केल्या आणि पुढील सात डावांत २, ८, ४, ३, १३, ६ व शून्य! दहा दिवसांत कोणी खेळ विसरतें काय?

येथें गणित थोडें उपयोगीं पडतें. समजा, एखादा कसलेला फलंदाज सरासरीनें तीस चेंडूंत एकदां बाद होतो. अशा फलंदाजाचा डाव पहिल्या दहा चेंडूंतच आटोपण्याचा संभव शंभरांत सुमारें एकोणतीस निघतो. लागोपाठ तीन डावांत तसें घडण्याचा संभव सुमारें बेचाळिसांत एक. म्हणजे शंभर डाव खेळणाऱ्याच्या वाट्यास असे प्रसंग एकदोन वेळां यावयाचेच, आणि तेही त्याच्या कसबांत तिळमात्र फरक न पडतां. शिवाय सलामीच्या फलंदाजास नवा, हवेंत वळणारा चेंडू खेळावा लागतो. अमेरिकेंतील बेसबॉलमध्यें फटकेबाज एका सामन्यांत चारपांच वेळां पुन्हां उभा राहतो. दहांत सात वेळां चुकणारा तेथें उत्तम गणला जातो. क्रिकेटमध्यें एक चूक झाली कीं दिवसभर पॅव्हिलियनमध्यें बसावें लागतें.

अर्थात सर्वच अपयश दैवावर ढकलतां येत नाहीं. डोकें कललेलें असणें, पाय उशिरां हलणें, एकाच जातीच्या चेंडूवर वारंवार फसणें, हे दोष खरे. डावखुऱ्या फलंदाजास ऑफस्पिनरचा बाहेर जाणारा चेंडू नेहमींच अवघड. म्हणून किती धांवांवर बाद झाला याहून कसा बाद झाला, हें पाहावें. दैवयोग आपोआप सरतो, दोष मात्र सरावानेंच जातो.

२०२३ सालीं स्त्रियांची प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हां ३ कोटी ४० लाखांची सर्वांत मोठी बोली मानधना यांच्यावर लागली. त्या हंगामांत आठ डावांत त्यांच्या धांवा अवघ्या १४९ झाल्या आणि त्यांच्या नेतृत्वाखालचा बंगळूरूचा संघ पहिले पांचही सामने हरला. लोक प्रत्येक धांवेची किंमत काढूं लागले! पुढल्या वर्षीं त्यांनीं ३०० धांवा केल्या आणि १७ मार्च २०२४ रोजीं दिल्लींत त्याच संघानें अजिंक्यपद मिळविलें. कर्णधार तीच होती. संघचालकांनीं घाई केली नाहीं, एवढेंच.

२०२५ च्या विश्वचषकांत पुन्हां तोच प्रकार. पहिले तीन डाव ८, २३, २३. टीका सुरू झालीच. त्यानंतरच्या सहा डावांत मात्र ३८० धांवा आल्या: ८०, ८८, १०९, नाबाद ३४, २४ व ४५. गंमत अशी कीं ८० व ८८ धांवांच्या दोन्ही सामन्यांत भारत हरला, म्हणून त्या खेळींचें कौतुक थोडकेंच झालें. शेवटच्या ४५ धांवा मात्र २ नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईंतील अंतिम सामन्यांतल्या. शफाली वर्मा यांच्यासह त्यांनीं पहिल्या जोडीस १०४ धांवा जमविल्या आणि भारतानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरविलें.