नगरसेवक : उपकारकर्ता की प्रतिनिधी?

१५ जानेवारी २०२६ रोजी मी आयुष्यातले पहिले मतदान केले. माझे वय एकोणीस. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची यापूर्वीची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली तेव्हा मी तिसरी-चौथीत होते. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. माझे सारे कळते वय या रिकाम्या काळात गेले. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हे प्रकरण मी वाचले, गुणही मिळवले. पण हे स्वराज्य चालते कसे, ते पाहायला मिळाले नव्हते. निवडणूक जाहीर झाल्यावर आमच्या चाळीत जे प्रश्न मला विचारले गेले, त्यांची उत्तरे शोधताना जे समजले ते येथे मांडत आहे.

प्रश्न मलाच का विचारले गेले, तेही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आई चार घरची धुणीभांडी करते. चाळीत बहुतेकांना वाचता येते, पण अर्ज लिहायचा म्हटले की सगळे माझ्याकडे येतात. पावसाळ्यात आमच्या दारासमोरचे गटार तुंबते, कारण वस्ती खोलगट भागात आहे आणि गटार जुने व अरुंद. त्या गटाराचा अर्ज मी आठवीपासून लिहीत आले आहे. निवडणुकीच्या आधी आईने विचारले, “अगं, हा नगरसेवक आला म्हणजे गटार बांधून देणार का?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर ‘हो’ नव्हते आणि ‘नाही’ही नव्हते.

सामान्य समजूत अशी की नगरसेवक म्हणजे प्रभागाचा छोटा राजा. वस्तुतः महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (हाच पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) पाहिला तर चित्र वेगळे दिसते. कामे करून घेण्याची सत्ता, म्हणजे अंमलबजावणीचा अधिकार, आयुक्तांकडे असतो. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. सर्व नगरसेवकांची मिळून महासभा होते. धोरण ठरवणे, कर किती घ्यायचा ते ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे ही तिची कामे. सोळा सदस्यांची स्थायी समिती पैशांवर देखरेख ठेवते. ठरावीक रकमेपलीकडचे ठेके तिच्या संमतीवाचून होत नाहीत. नगरसेवक एकटा असताना कोणत्याही अभियंत्याला कायद्याने हुकूम देऊ शकत नाही. तो विचारू शकतो, मागू शकतो, सभेत बोलू शकतो, मत देऊ शकतो. एवढेच त्याचे हत्यार, पण ते लहान नाही.

गटाराचेच उदाहरण घेऊ. अर्ज कार्यालयात गेला की त्यावर आवक क्रमांक पडतो. कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करतो, खर्चाचे अंदाजपत्रक तयार होते. त्याला प्रशासकीय मंजुरी लागते, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, मग कार्यादेश. यांपैकी कोणत्याही पायरीवर कागद थांबू शकतो. अंदाजपत्रकात त्या कामासाठी तरतूदच नसेल तर पहिल्याच पायरीवर थांबतो. नगरसेवकाचे खरे काम या पायऱ्यांवर असते. अंदाजपत्रक बनत असताना त्या गटाराचे नाव त्यात घालणे, कागद कोठे अडला ते शोधणे, आणि काम झाल्यावर ते कागदावर लिहिल्याप्रमाणे झाले का ते पाहणे. यालाच आपण ‘पाठपुरावा’ म्हणतो. हा शब्द भाषणात फार वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ सांगितला.

दुसरी गोष्ट अशी की लोक नगरसेवकाकडे जे प्रश्न नेतात त्यांतले अर्धेअधिक महापालिकेचे नसतातच. वीज महावितरणची. शिधापत्रिका राज्य सरकारच्या शिधावाटप कार्यालयाची. औद्योगिक वसाहतीतील अनेक बाबी एमआयडीसीच्या. कल्याणचा पत्रीपूल हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. १९१४ साली बांधलेला हा पूल धोकादायक ठरला, नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोन वर्षांहून अधिक काळ कल्याण-डोंबिवलीतील माणसे त्या कोंडीत अडकली आणि आपापल्या नगरसेवकाला बोल लावत राहिली. परंतु पूल रेल्वेमार्गावरचा आणि बांधणारे राज्य रस्ते विकास महामंडळ. नगरसेवक आवाज उठवू शकत होता; पूल बांधणे त्याच्या हाती नव्हते. उलट पाणीपुरवठा, सांडपाणी, दिवाबत्ती, कचरा, सार्वजनिक आरोग्य ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये कायद्यातच लिहिलेली आहेत. येथे मात्र ‘आमच्या हातात नाही’ हे उत्तर चालणार नाही. कोणता प्रश्न कोणाचा, एवढे कळले तरी नागरिकाची निम्मी पायपीट वाचते.

मग पाच वर्षे नगरसेवक नव्हते तेव्हा काय झाले? शहर थांबले नाही. पाणी आले, कचरा उचलला गेला, दिवे लागले. म्हणून काही जण म्हणतात, नगरसेवक हवेतच कशाला? या म्हणण्याचा मी बराच विचार केला. प्रशासकाच्या काळात महासभेचे, स्थायी समितीचे आणि आयुक्तांचे अधिकार एकाच व्यक्तीकडे असतात. खर्चाचा प्रस्ताव मांडणारा, तो तपासणारा आणि मंजूर करणारा एकच. व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी ‘आमच्या गल्लीचे काय?’ असे सभेत उभे राहून विचारणारा कोणी उरत नाही. आमच्यासारख्या वस्त्यांना या उणिवेची झळ जास्त लागते. मोठ्या गृहसंकुलांत वकील असतात, निवृत्त अधिकारी असतात. त्यांचे पत्र आपोआप वजनदार होते. आमच्याकडे संख्या असते, आणि संख्येला वजन येते ते केवळ मतपेटीत.

गमतीची गोष्ट अशी की त्या पाच वर्षांतही लोक जुन्या नगरसेवकांकडे जातच होते. पाट्या तशाच होत्या. नावाआधी ‘माजी’ हा शब्द तेवढा बारीक अक्षरात आला होता. शिफारसपत्रे दिली जात होती, त्यांना कायद्याचा आधार नसला तरी. यावरून दिसते की लोकांना मधला माणूस हवा असतो. मात्र ज्याला मतदारांपुढे ठरावीक वेळी उभे राहायचे बंधन नाही, तो मधला माणूस प्रतिनिधी राहत नाही. तो उपकारकर्ता होतो.

आपल्या शहराला हा अनुभव नवा नाही. ही महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली, पण पहिली निवडणूक १९९५ साली झाली. मधली बारा वर्षे प्रशासकांचीच. शेजारच्या ठाण्याची महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ची. तेथे पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली. ठाण्यातही २०१७ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या पहिल्या बेचाळीस वर्षांपैकी सुमारे सतरा वर्षे लोकप्रतिनिधींवाचून गेली. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले आहे. तरीही प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात राहिला आणि निवडणुका लांबल्या. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला.

आता प्रचाराविषयी. यंदा मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आले. त्यामुळे तिळगूळ, हळदीकुंकू आणि प्रचारफेरी यांची सरमिसळ झाली. रिक्षावरचे ध्वनिक्षेपक सकाळपासून सुरू होत. चौकसभा झाल्या, दारोदार पत्रके वाटली गेली. मी ती सर्व पत्रके जपून ठेवली आणि एका रविवारी वाचली. ‘विकास’ हा शब्द प्रत्येकावर होता. आमच्या गटाराचे नाव एकावरच होते. ते कोणाचे, हे येथे लिहीत नाही, कारण हा लेख कोणाच्या बाजूचा नाही.

प्रचारात लोक सर्वांत जास्त गोंधळले ते मतांच्या संख्येने. २०१५ साली आपल्याकडे एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला गेला होता. या वेळी १२२ जागांसाठी ३१ प्रभाग होते. त्यांतले २९ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. म्हणून आमच्या प्रभागात प्रत्येकाला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची होती. शेजारच्या काकूंना वाटत होते की एकाच चिन्हाचे बटण चार वेळा दाबले नाही तर मत बाद होते. मी त्यांना सांगितले, “काकू, चारही जागांना वेगवेगळ्या पक्षांचा माणूस निवडता येतो. आणि कोणीच नको असेल तर ‘नोटा’चेही बटण आहे.” त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर दहाबारा बायका जमल्या आणि मी कागदावर चार रकाने काढून दाखवले. मला वाटते, तीन वर्षांत शिकलेल्या राज्यशास्त्राचा खरा उपयोग तेव्हा झाला.

चार सदस्यांच्या पद्धतीत एक धोकाही आहे. गटार तुंबले तर चौघांपैकी जबाबदार कोण? प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय होते. पण नागरिक जागे असतील तर एका प्रभागासाठी सभेत चार आवाज मिळतात, हेही खरे.

स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव असतात, म्हणजे कल्याण-डोंबिवलीत १२२ पैकी ६१. काही ठिकाणी कारभार नगरसेविकेचे पतीच पाहतात, अशी चेष्टा आपण ऐकतो. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु माझ्या आईसारख्या बाईला पाण्याच्या वेळेबद्दल बोलायला समोर बाई असली की धीर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी भरणारीच पाण्याचे दुखणे जाणते.

नगरपालिकेच्या सभागृहात एकटा माणूसही काय करू शकतो, याचा दाखला आपल्या इतिहासातच आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण त्या बहुमतातल्या सभासदांची नावे आज कोणाला आठवतात?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, निवडणूक संपली म्हणून आपले काम संपत नाही. उमेदवाराचे शपथपत्र वाचता येते, महासभेच्या ठरावाची प्रत २००५ च्या माहितीच्या अधिकारात मागता येते, अर्जावरचा आवक क्रमांक घेऊन तो कागद कोणत्या टेबलावर आहे असे विचारता येते. नगरसेवकपदासाठी उभे राहायला वय एकवीस लागते. प्रश्न विचारायला वयाची अट नाही. ज्यांच्या घरात अर्ज लिहिणारे कोणी नाही त्यांच्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने महिन्यातून एक अर्ज जरी लिहिला, तरी कॉलेजात घालवलेली वर्षे वस्तीच्या कामी येतील.

आईला मी शेवटी उत्तर दिले ते असे : गटार नगरसेवक स्वतः बांधून देणार नाही. ते आपल्या कराच्या पैशातून महापालिका बांधेल. आपले गटार यादीत आले की नाही, हे पाहायला आपण त्या चौघांना पाठवले आहे. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग यादी कधी निघते, ते विचारून ठेव.” अंदाजपत्रकाच्या सभेची तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे.