दिवसाची झोप आणि गळ्यातील ग्रंथी

अंबरनाथ पश्चिमेला आमचा बुवापाडा आहे. येथील पुष्कळ घरांत पहाटे पाचला गजर होतो, डबे भरले जातात आणि माणसे लोकल गाठायला निघतात. संध्याकाळी परतीच्या गाडीत ज्याला बसायला जागा मिळते, तो दादर सुटताच पेंगू लागतो. त्याच्या झोपेचे कारण उघड आहे. रात्री झोप अपुरी झाली, की शरीर ती दिवसा वसूल करते.

तुमच्या वयात याला आणखी एक कारण जोडले जाते. मेंदूतील पिनिअल ग्रंथी अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे संप्रेरक सोडते. पौगंडावस्थेत ते सोडण्याची वेळ पुढे सरकते. म्हणून दहा वाजता झोप येत नाही आणि सकाळच्या तासाला डोळे मिटतात. शिक्षकांनी हे ध्यानात घ्यायला हवे. मीही नेहमी घेतले आहे असे नाही.

काही वर्षांपूर्वी अकरावीची एक मुलगी माझ्या तासाला रोज डुलक्या घेई. मी तिला दोनदा सर्वांसमोर बोललो. एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी इतर मुले पंखा लावा म्हणत असताना ती स्वेटर घालून बसलेली दिसली. तिच्या आईला विचारले तेव्हा कळले, की मुलगी रात्री नऊ तास झोपते, तरीही तिला उठवत नाही. वजन वाढते आहे, कातडी कोरडी पडली आहे. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. तिची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, मंदावली होती.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची असते. ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हे आयोडीन अन्नातून मिळावे लागते. मोठ्या माणसाला दिवसाला अवघे 150 मायक्रोग्रॅम पुरते. आपल्याकडे ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून येते. पेशींनी इंधन किती वेगाने जाळावे हे थायरॉक्सिन ठरवते. ते कमी पडले, की शेगडीची आच मंद केल्यासारखे होते. उष्णता कमी, म्हणून थंडी वाजते. हृदय सावकाश चालते. विचार रेंगाळतो आणि दिवसभर झोप येते. मीठ व्यवस्थित मिळूनही असे घडते, कारण कधी कधी शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर हल्ला करते. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी 1912 मध्ये या विकाराचे वर्णन केले.

आता गंमत पाहा. त्या मुलीच्या अहवालात एक आकडा कमी नव्हे, तर सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट जास्त होता. तो आकडा टीएसएचचा. इस्त्री गार होऊ लागली, की तिच्यातील तापनियंत्रक विद्युतप्रवाह सुरू करतो, हे तुम्ही जाणता. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तेच काम करते. रक्तातील थायरॉक्सिन घटले, की ती टीएसएच सोडून अवटूला चालना देते. अवटूने दाद दिली नाही, तर टीएसएच वाढतच जाते.

परंतु इतके सूक्ष्म प्रमाण मोजायचे कसे? एक लिटर रक्तद्रवात सुमारे 80 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन असते. टीएसएच तर त्याहून फारच कमी. येथे भौतिकशास्त्र मदतीला आले. रोझलिन यालो या अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ. सॉलोमन बर्सन या डॉक्टरांसह त्यांनी 1950 च्या दशकात एक युक्ती शोधली. आपल्या अंबरनाथ लोकलचेच उदाहरण घ्या. डब्यात शंभर आसने आहेत. लाल छत्री घेतलेले शंभर प्रवासी आपण स्वतः पाठवले. त्यांच्यासोबत बिनछत्रीचे किती आले ते ठाऊक नाही. सर्वांना बसण्याची संधी सारखीच. बसलेल्यांत लाल छत्रीवाले पन्नासच दिसले, तर बिनछत्रीचेही शंभरच आले असणार. पंचवीस दिसले, तर तीनशे! या पद्धतीत आसने म्हणजे प्रतिपिंडे, आणि लाल छत्री म्हणजे संप्रेरकाला जोडलेले किरणोत्सारी आयोडीन. गणकयंत्राने किरण मोजले, की अज्ञात संख्या हाती येते. या शोधासाठी यालो यांना 1977 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन 1972 मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांना ते मिळू शकले नाही. हे मला नेहमी खटकते.

आपल्याकडे तुर्भे येथील अणुभट्ट्यांत किरणोत्सारी आयोडीन तयार होऊ लागले, आणि 1963 मध्ये परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र सुरू झाले. अवटूच्या विकारांचे निदान व उपचार हे तेथील एक प्रमुख काम. आता बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सारी खुणेऐवजी प्रकाश देणारे रेणू वापरतात.

प्रत्येक पेंगणाऱ्या मुलाची अवटू बिघडलेली असते असे मात्र समजू नका. रक्तक्षय असू शकतो. वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्री श्वास अडखळत असेल. क्वचित मेंदूत ओरेक्सिन हे जागे ठेवणारे द्रव्य कमी पडते आणि माणूस बोलता बोलता झोपतो. पण पुरेशी झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे झोप आवरत नसेल, आणि सोबत थंडी, बद्धकोष्ठता, सुस्ती असेल, तर डॉक्टरांकडे जावे. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. थायरॉक्सिन जास्त झाले, तर हृदय धडधडू लागते.

त्या मुलीला सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. चौथ्या दिवशी तिने मला विचारले, ‘‘सर, अजून झोप येतेच, असं का?’’ मी फळ्यावर अर्धायुष्याचा आलेख काढला. थायरॉक्सिनचे शरीरातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे. रोज गोळी घेतली, तरी पातळी स्थिर व्हायला अशी पाच अर्धायुष्ये, म्हणजे पाच आठवडे लागतात. म्हणूनच डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. सातव्या आठवड्यात तिचा स्वेटर निघाला. त्याआधी वर्गासमोर मी तिची माफी मागितली होती.