विश्लेषण : लॅपटॉप यंदाचा की गेल्या वर्षीचा? डहाणूकरांनी किमतीआधी काय विचारावे?

दुकानात एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात. एक यंदाचा, दुसरा दीड-दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेला. पण दोन्ही सीलबंद. समजा, जुना ४० हजारांना आणि नवा ४८ हजारांना. मसोलीतल्या घरातून कॉलेजला निघालेल्या मुलीसाठी ही खरेदी असेल, तर आठ हजार ही लहान रक्कम नाही. मग जुना घेतला तर फसगत होईल का? बहुतेक वेळा नाही. फसगत होते ती वॉरंटीत.

नवा नंबर म्हणजे नवी चिप?

प्रत्येक वेळी नाही. एएमडीचा ‘रायझन ५ ५५००यू’ हा २०२१ सालचा प्रोसेसर. त्यात सहा कोअर आहेत. त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या ‘रायझन ५ ७५२०यू’मध्ये कोअर चारच. नाव मोठे झाले, कोअर घटले. शिवाय दोन्हींची मूळ रचना २०१९ मध्ये आलेल्या ‘झेन २’ची. ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते. म्हणजे आठ जीबी घेतली की कायमची आठच. इंटेलचेही तेच. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ‘कोअर ५ १२०यू’ नावाने नवा, पण आतून आधीच्या तेराव्या पिढीचाच नातेवाईक. म्हणून स्टिकरवरचा आकडा पाहून भुलू नये. कोअर किती, रॅम किती आणि ती पुढे वाढवता येते का, एवढे तीन प्रश्न दुकानदाराला विचारले तरी निम्मे काम होते.

एमएस-सीआयटी, एक्सेल, टॅली, महाडीबीटीचे अर्ज, ऑनलाइन तास यांसाठी १६ जीबी रॅमचा गेल्या वर्षीचा लॅपटॉप आठ जीबीच्या यंदाच्या लॅपटॉपपेक्षा कामाला बरा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप जगभर महागल्या. एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढली आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला कमी माल उरला. त्यामुळे जुन्या भावातला, जास्त रॅमचा स्टॉक दिसला तर तो आज खरोखरच फायद्याचा असू शकतो. व्हिडीओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन किंवा लॅपटॉपवरच एआय चालवणे हे अभ्यासक्रमात असेल, तर मात्र नव्याचे पैसे मोजावेत.

वॉरंटी कधीपासून सुरू होते?

साधारणपणे बिलाच्या तारखेपासून. पण कंपनीच्या वेबसाइटवर अनेकदा लॅपटॉप कारखान्यातून निघाल्याची तारीख धरलेली असते. गोदामात आठ महिने पडून राहिलेल्या पेटीची वर्षभराची वॉरंटी त्यामुळे चारच महिने उरल्याचे दिसते. सिरीयल नंबर पेटीवर छापलेला असतो. पैसे देण्याआधी तो फोनवरून कंपनीच्या साइटवर टाकून पाहावा. तारीख मागची दिसली, तर पक्के बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते.

‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ हे ऐकू आले की तिथून उठावे. लॅपटॉप जुना असो वा नवा, जीएसटी १८ टक्केच. बिल नसेल तर वाचतो विक्रेत्याचा कर आणि तुटते तुमची वॉरंटी.

बॅटरीचा मुद्दाही वेगळा. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी अनेक कंपन्या बॅटरीला एकच वर्ष देतात. पेटीत पडून राहिलेली बॅटरी थोडी तरी उतरतेच. जुना स्टॉक घेताना ही बाब भाव करायला उपयोगी पडते.

मसोलीत दुरुस्तीला कोण येणार?

हिशेब खरा इथे बदलतो. वॉरंटी दोन प्रकारची : ‘कॅरी-इन’, म्हणजे लॅपटॉप सेवा केंद्रात आपण न्यायचा, आणि ‘ऑनसाइट’, म्हणजे तंत्रज्ञ घरी येणार. डहाणू रोड ते चर्चगेट अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. सेवा केंद्र मुंबईत असेल तर एकदा द्यायला, एकदा आणायला, अशा दोन फेऱ्या आणि घरातल्या कमावत्या माणसाचे दोन खाडे. मोफत दुरुस्ती अशी महाग पडते. ऑनसाइट असली तरी ती प्रत्येक गावात तशीच मिळेल असे नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर आपला पिनकोड सांगून ‘घरी येणार का आणि किती दिवसांत’ हे खरेदीआधीच विचारावे. वाचवलेल्या आठ हजारांतले दोन-तीन हजार ऑनसाइट किंवा वाढीव वॉरंटीवर घातले, तर जुन्या मॉडेलचा सौदा इथल्या माणसाला जास्त सोयीचा. ही वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची, तेही पाहावे. वापीत किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर खरेदी केली, तर कंपनीची वॉरंटी देशभर चालते. दुकानाची मात्र त्या दुकानातच.

किनाऱ्यावरची खारी, दमट हवा आणि पावसाळा यांची दखल वॉरंटी घेत नाही. पाणी शिरले, गंज चढला, पडून स्क्रीन फुटली, तर खर्च आपला. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

आणि सेकंडहँड?

तो वेगळाच मामला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते, त्याआधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, बसत नाहीत. १५ हजारांत सातव्या पिढीचा ‘आय७’ मिळतो म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. आठव्या पिढीचा साधा ‘आय५’ त्याहून बरा.

कंपनीने वॉरंटी नाकारली तर?

आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. दुकान वापीत वा मुंबईत असले तरी तिथे खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. बिल, पेटीवरचा सिरीयल नंबर आणि सेवा केंद्राने दिलेली प्रत्येक पावती यांचे फोटो त्याच दिवशी फोनमध्ये काढून ठेवावेत; थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते.