जुनी होडी समुद्रात न्यायची झाली तर...

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगी गावाजवळून नीरा नदी वाहते. अरबी समुद्र इथून पश्चिमेला, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. नीरा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते. याच भीमेवर, तालुक्याच्या दुसऱ्या कडेला, उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. तेथे लहान होड्यांतून मासेमारी चालते.

समजा, तिथली एखादी जुनी लाकडी होडी कोणी ट्रकवर घालून रत्नागिरीला नेली आणि भाट्याच्या खाडीतून समुद्रात लोटली. पाणी ते पाणीच! मग जलाशयात वर्षानुवर्षे तरंगलेली होडी समुद्रात तरंगेल की नाही?

तरंगेल. उलट, किंचित वरच तरंगेल. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन 1 किलोग्रॅम असते, तर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे सुमारे 1.025 किलोग्रॅम. माणसे व जाळी धरून होडीचे वजन 1000 किलोग्रॅम असेल, तर आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे ती गोडे पाणी 1000 लिटर बाजूला सारते. खारे पाणी मात्र सुमारे 975 लिटरच. पाण्याच्या पातळीशी होडीचे क्षेत्रफळ 5 चौरस मीटर धरले, तर ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर उचलली जाईल. खाऱ्या पाण्याने दिलेली मदत ती एवढीच!

आता तोट्याची बाजू पाहू. पाण्याच्या पातळीपासून होडीच्या काठापर्यंतच्या उंचीला आपण ‘कोरडा काठ’ म्हणू. लाटेचे पाणी आत येणार की नाही, हे बऱ्याच अंशी या कोरड्या काठावर ठरते. लाट वाऱ्यामुळे उठते. वारा जितका जोराचा, जितका वेळ वाहील आणि जितक्या लांबवर मोकळ्या पाण्यावरून येईल, तितकी लाट मोठी. जलाशयातही वादळी वारा घातक ठरतो. मे 2024 मध्ये उजनीच्या पाण्यात कळाशी व कुगाव या गावांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. समुद्रावर तर वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळे रान मिळते. दूरवरच्या वादळाने उठलेल्या लाटा, इथे वारा पडलेला असतानाही, किनाऱ्याला येऊन पोचतात.

मग किनाऱ्याजवळ राहिले तर धोका कमी नाही का? इथेच पुष्कळांची फसगत होते. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, ती उंच व उभट होते आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की फुटते. खाडीच्या मुखाशी बहुधा वाळूचा दांडा साचलेला असतो. त्यावर लाटा हमखास फुटतात. त्यात ओहोटी लागलेली असली, तर बाहेर धावणारे पाणी आत येणाऱ्या लाटांना सामोरे जाते आणि लाटा अधिकच आखूड व उभट होतात. अशी लाट बाजूने आदळली की लहान होडी कलंडते. म्हणून जाणते तांडेल दांड्याच्या अलीकडे थांबतात, लाटांचा रोख पाहतात, भरतीची वेळ साधतात आणि होडीची नाळ लाटेकडे ठेवून दांडा ओलांडतात.

होडी जुनी असेल तर आणखी एक शत्रू दबा धरून असतो. जुने लाकूड पाणी पिऊन जड होते आणि फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते. 4 मीटर लांब व 1 मीटर रुंद तळावर 10 सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन सुमारे 400 किलोग्रॅम भरेल. म्हणजे सात-आठ माणसे न सांगता होडीत येऊन बसली! आपली होडी त्यामुळे सुमारे 8 सेंटिमीटर खाली बसेल. कुठे ते अर्धा सेंटिमीटर आणि कुठे हे 8!

शिवाय ही ‘माणसे’ एका जागी बसत नाहीत. एका पसरट डब्यात थोडे पाणी घालून तो बादलीत तरंगत ठेवा आणि हलकेच एका बाजूला कलवा. आतले पाणी खालच्या बाजूला धावते आणि डब्याला आणखी कलवते. आता पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाची ओली वाळू तळाशी घट्ट थापून पाहा. फरक लगेच कळेल. होडीत साचलेले पाणी वेळीच उपसायचे ते यासाठी. होडीत उभे राहू नये याचेही कारण असेच आहे. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि सरळ होण्याची होडीची ताकद घटते. कोकणात अरुंद होडीला बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेले लाकूड, लावतात. त्यामुळे होडी सहसा कलंडत नाही.

समुद्रात लाकूड पोखरणारे प्राणीही असतात. टेरेडो हा त्यांतला एक. त्याला जहाजकिडा म्हणतात. पण तो किडा नव्हे, शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. लहानपणी तो बारीक छिद्रातून फळीत शिरतो आणि आतल्या आत वाढत बोगदे पाडतो. वरून फळी धडधाकट दिसते, आतून मात्र पोकळ! जलाशयातल्या गोड्या पाण्यात हा प्राणी जगत नाही, त्यामुळे तिथल्या होडीने त्याला कधी पाहिलेलेच नसते. म्हणूनच कोकणातले मच्छीमार होडी वेळोवेळी किनाऱ्यावर ओढून वाळवतात, फळ्या ठोकून आवाज ऐकतात, सांधे बुजवतात आणि लाकडाला तेल किंवा रंग देतात.

तेव्हा होडी तरंगते का, एवढे विचारून भागत नाही. लाट आली, होडी कलली, थोडे पाणी आत शिरले, तरीही ती पुन्हा सरळ होईल का, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या वेळी नदीवर, जलाशयावर किंवा बंदरात होडी दिसली की आधी तिचा कोरडा काठ किती वीत आहे तो पाहा, मग आत किती माणसे बसली आहेत ती मोजा. होडीत पाय ठेवायचा की नाही, ते तुमचे तुम्हालाच कळेल.