परत येण्याची हमी

बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मी समोरच्या माणसाकडे एकदा नीट पाहून घेत असे. तारण कागदावर दिसते, नियत दिसत नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत ती आपल्याला ओळखता येते, असा एक गर्वही मला जडला होता. तो गेल्या वर्षी माझ्या पुतणीने उतरवला.

पुतणी कोल्हापुरात कॉलेजात शिकवते. नवरा न्यू जर्सीत, ग्रीन कार्डावर. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो परत गेला आणि तिला कायमचे नेण्यासाठी त्याने रीतसर अर्ज केला. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला तिथे वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला आहे. म्हणून रांग, आणि तीही वर्षांच्या हिशेबाची. तोवर उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर जाऊन यावे, म्हणून तिने व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला आणि मला मदतीला बोलावले.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : तुमच्यासाठी अमेरिकेत स्थायिक होण्याचा अर्ज कुणी केला आहे काय?

मी म्हणालो, "इथे 'नाही' लिही. एवढ्या गर्दीत कोण पाहतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, कर्जदारानं आधीचं कर्ज लपवलं, तर तुम्ही काय करायचात?"

"अर्ज फेटाळायचो."

"मग?"

मग काय! मी गप्प बसलो. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचे उघड झाले, तर त्या देशाची दारे कायमची बंद होऊ शकतात, हे मी नंतर वाचले. महिन्याच्या भेटीसाठी मी पोरीचा सबंध संसार पणाला लावायला निघालो होतो.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४ (बी) नावाचे एक कलम आहे. व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस राहायलाच येतो आहे, असे धरून चालायचे; तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर अर्जदार कर्ज बुडवणारच असे मानायचे आणि तारण त्याने आणायचे. नोकरी, घर, म्हातारे आईवडील हे ते तारण. पण भेटायचे आहे तो नवराच असेल तर? जितका जीव अधिक, तितकी पत कमी!

ही कुचंबणा कायदा करणाऱ्यांनाही उमगली होती. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी 'व्ही' व्हिसा आणला. तीन वर्षे रांगेत असलेल्या जोडीदारांनी आणि मुलांनी तिथे येऊन वाट पाहावी, अशी ती सोय. पण ती २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरतीच राहिली.

मुलाखतीसाठी मी रजामंजुरीचे पत्र, पगाराच्या स्लिपा, घराचे कागद अशी फाईल लावून दिली. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने ती उघडलीही नाही. परत का याल, एवढेच विचारले. ती म्हणाली, "राहायला जायचंच आहे, पण माझा नंबर लागल्यावर. मुदत ओलांडून राहिले, तर तो नंबरच धोक्यात येईल." चार मिनिटांत छापील कागद हाती आला. नामंजूर. अपील नाही, फी परत नाही. वाटल्यास पुन्हा अर्ज करा.

मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. त्या अधिकाऱ्याचा संताप आला. पण लोकलमध्ये बसल्यावर माझेच टेबल आठवले. मीही चार-चार मिनिटांतच माणसे जोखली होती. ज्यांना नाकारले, त्यांतले किती जण हप्ते वेळेवर फेडणारे होते, हे मला कधीच कळले नाही. नाकारलेल्या कर्जाचे खाते उघडतच नाही.

दिवाळीत जावईच रजा काढून आले. सगळ्या चकल्या त्यांनी एकट्यांनी संपवल्या आणि भाऊबीजेनंतर विमानात बसले.

येत्या उन्हाळ्यासाठी पुतणी पुन्हा फॉर्म भरते आहे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे काय, असाही एक प्रश्न त्यात आहे. म्हणजे या वेळी तिला दोन ठिकाणी 'हो' लिहावे लागेल. फाईल मीच लावून देणार आहे. सल्ला मात्र देणार नाही.